वाचकांचे प्रश्न : मेंदूतला फुगा आणि सशाची मान

मेंदूतल्या धमनीला येणाऱ्या फुग्याबद्दल, म्हणजे ॲन्युरिझमबद्दल, मागच्या अंकात लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते : 'ही कॉइल माणसाच्या आधी डुकरांत आणि सशांत वापरून पाहिली गेली.' (कॉइल म्हणजे फुगा आतून भरून टाकण्यासाठी त्यात सोडायची मऊ, बारीक प्लॅटिनमची तार.) आलेली बहुतेक पत्रं त्या एकाच वाक्यावर आहेत. मी पशुवैद्य आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझी बरीच वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात गेली आणि त्यातली सात वर्षं याच फुग्यांच्या प्रयोगातल्या सशांना भूल देण्यात आणि त्यांची शुश्रूषा करण्यात गेली. म्हणून यावेळचा सगळा मजकूर याच विषयाला देते आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदूतल्या फुग्यात गेल्या वर्षी कॉइल भरली. ती बरी आहे. पण सशाचा मेंदू केवढा, आपला केवढा! सशाला हा आजार होतो का? आणि त्याच्यावरून आपल्याला काय कळणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, प्रयोगातल्या सशाच्या मेंदूला कोणी हात लावत नाही. त्याचा फुगा मानेत असतो.

माणसांत हा फुगा वाटतो त्यापेक्षा बराच आढळतो. शंभर प्रौढांत साधारण तिघांच्या मेंदूत तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. जनावरांत मात्र तो आपोआप जवळपास येतच नाही. त्यामुळे अभ्यास करायचा तर तो मुद्दाम तयार करावा लागतो. १९५४ साली अमेरिकेत जर्मन आणि ब्लॅक या दोघांनी कुत्र्यांवर पहिली चांगली रीत बसवली. मानेतल्या शिरेचा एक तुकडा घ्यायचा, त्याची पिशवी करायची आणि ती शेजारच्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या कडेला शिवून टाकायची. पुढची कित्येक वर्षं तीच रीत चालली. तिच्यातली खोट अशी की ती पिशवी शिरेची, आजार मात्र धमनीच्या भिंतीचा. शिवाय चहूकडून टाके, आणि टाके आले की भरून येणं आलंच.

सशाची रीत १९९०च्या दशकात आली. न्यूझीलंड व्हाइट जातीचा तीन-चार किलोचा पांढरा ससा घेतात. त्याच्या मानेतली उजवी कॅरोटिड उघडी करतात आणि वरच्या बाजूला बांधतात. मग आतून एक कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगवता येणारी छोटी पिशवी असलेली बारीक नळी, खाली नेऊन धमनी जिथून निघते ते तोंड तेवढा वेळ बुजवतात. मधल्या कोंडलेल्या तुकड्यात इलास्टेज नावाचं विकर (एन्झाइम) भरतात आणि वीस मिनिटं ठेवतात. हे विकर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. धमनीच्या भिंतीत ताणला की परत येणारा एक थर असतो, तो ते खाऊन टाकतं. नंतर सगळं बाहेर काढायचं आणि जखम शिवायची. पुढचं काम सशाचं हृदयच करतं. प्रत्येक ठोक्याला रक्त त्या दुबळ्या झालेल्या बंद बोळात आदळतं आणि तीन आठवड्यांत तिथे फुगा धरतो. आकाराने तो माणसाच्या मेंदूत सापडतो तेवढाच असतो, काही मिलिमीटरचा.

आता या फुग्याचा तुमच्या बहिणीशी संबंध काय, तर तीन गोष्टी. सशाचं रक्त गोठण्याची तऱ्हा माणसाच्या बरीच जवळची आहे. त्याच्या धमन्या इतक्या रुंद असतात की तुमच्या बहिणीला वापरलं तेच बारीक कॅथेटर आणि तीच कॉइल सशात घालता येते. आणि तिसरी, मला सगळ्यांत मोलाची वाटते ती : सशातला हा फुगा उपचार केला नाही तर आपला आपण बुजत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं तसाच उघडा राहतो. त्यात नुसती प्लॅटिनमची कॉइल भरली तर आत रक्ताची गुठळी होते, पण तोंडाशी पक्का व्रण धरायला फार वेळ लागतो, कधी धरतच नाही. माणसांतही नेमकं हेच दिसतं. म्हणून कॉइल भरल्यानंतरही ठरल्या वेळी अँजिओग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. फुगा तोंडाशी पुन्हा थोडा उघडू शकतो. बहिणीला आता काही होत नाही म्हणून तिची ती तपासणी टाळू नका.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवतात की हृदय-रक्ताभिसरणाच्या प्रयोगांसाठी डुक्कर माणसाला सर्वांत जवळचं. मग ॲन्युरिझमसाठी डुक्कर मागे का पडलं?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : मागे पडलं असं म्हणू नकोस. आज जगभर जी कॉइल वापरतात तिचा पाया डुकरांतच घातला गेला. इटलीहून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, आलेले गुईदो गुल्येल्मी यांनी प्लॅटिनमची मऊ कॉइल पोलादी तारेला जोडली. कॉइल फुग्यात नीट बसली की तारेतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा. जोडावरचं पोलाद विरघळतं आणि कॉइल अलगद सुटते. बसली नाही तर सुटण्याआधी परत ओढून घेता येते, हे त्यातलं खरं मर्म. डुकरांच्या कॅरोटिडला शिवलेल्या पिशव्यांत त्यांनी हे करून पाहिलं. १९९० साली पहिल्या रुग्णावर उपचार झाला, १९९१मध्ये प्रयोग आणि रुग्ण या दोन्हींचे अहवाल छापून आले आणि १९९५मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. कॉइल जागेवर नेता येते का, सुटते का, वीज धोक्याची नाही ना, या प्रश्नांना डुकरानं चोख उत्तर दिलं.

फसगत पुढच्या प्रश्नाला झाली. लोकांनी डुकराला विचारलं, फुगा बरा होतो का? डुक्कर भराभर बरं होणारं जनावर. त्याच्या धमनीच्या कडेला शिवलेली पिशवी काहीही न करता आपोआपच बुजत जाते. नंतर प्लॅटिनमच्या कॉइलवर विरघळणाऱ्या टाक्याच्या पदार्थाचा लेप देऊन पाहिला, म्हणजे व्रण लवकर धरेल. डुकरांत दोनच आठवड्यांत सुरेख फरक दिसला. सगळे हरखले. माणसांवर रीतसर तुलना केली तेव्हा साध्या प्लॅटिनमपेक्षा ठोस फायदा निघाला नाही. मी ते निकाल वाचले तेव्हा मला वाईट वाटलं ते लेपाचं नव्हे. जे जनावर आपोआप बरं होतं त्याला 'औषधाने बरं झालास का' असं विचारण्यात किती जीव आणि किती वर्षं गेली, याचं वाटलं.

आणखी एक अडचण तू शवविच्छेदनात स्वतः पाहशील. डुकराच्या कवटीच्या तळाशी बारीक धमन्यांचं एक दाट जाळं असतं, रेटे मिराबिले, म्हणजे 'अद्भुत जाळं'. मेंदूकडे जाणारं रक्त त्यातून गाळून जातं. त्यामुळे मानेतून वर नेलेलं कॅथेटर तिथेच अडतं, मेंदूत शिरत नाही. प्राचीन रोममधला वैद्य गेलन यानं हे जाळं जनावरांत पाहिलं आणि माणसालाही असणार असं लिहून ठेवलं. ती चूक हजाराहून अधिक वर्षं चालली. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस यानं १५४३मध्ये ती खोडून काढली. एका जनावरावरून दुसऱ्याबद्दल बेधडक बोलण्याचं याहून जुनं उदाहरण मला माहीत नाही. तुझ्या वर्गात हे सांग.

हात बसवण्यासाठी, तरुण डॉक्टरांना कॅथेटर शिकवण्यासाठी डुक्कर अजूनही उत्तमच. जनावर वाईट नसतं रे, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

प्रश्न : आईचं डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला, त्यात ४ मिलिमीटरचा फुगा निघाला. डॉक्टर म्हणतात, नुसतं लक्ष ठेवू. घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. तो आवळून टाकणारं औषध प्राण्यांवर सापडलं नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी आईबद्दल. जपानमध्ये हजारो रुग्णांवर नुसतं लक्ष ठेवून २०१२मध्ये निष्कर्ष मांडले गेले. सगळे आकार मिळून वर्षाला शंभर फुग्यांपैकी एकाहून थोडे कमी फुटले. तीन-चार मिलिमीटरच्या फुग्यांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी होतं. फुगा कुठे आहे, आकार ओबडधोबड आहे का, घराण्यात कुणाला होता का, यावरून डॉक्टर ठरवतात, म्हणून त्यांचं ऐका. तुमच्या हातात आहे ते म्हणजे रक्तदाब काबूत ठेवणं. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद करा. आणि आयुष्यात कधी झालं नाही असं, क्षणात टोकाला गेलेलं डोकं दुखलं, त्याबरोबर उलटी झाली किंवा मान आखडली, तर घरी गोळी देत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

आता औषध. ससा इथे उपयोगी नाही. त्याचा फुगा मानेत, चारी बाजूंनी मांसाचा आधार असलेला. तो फुटतच नाही म्हटलं तरी चालेल. फुगा येतो कसा आणि फुटतो का, हे विचारायचं तर उंदीर. १९७८मध्ये क्योतोच्या नोबुओ हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या जातीच्या उंदरांची (रॅट) एक कॅरोटिड बांधली, मीठ आणि संप्रेरक देऊन रक्तदाब वाढवला आणि खाण्यात बीटा-अमायनोप्रोपिओनायट्राइल नावाचं द्रव्य घातलं. काही आठवड्या-महिन्यांत उंदरांच्या खुद्द मेंदूतल्या धमन्यांना, त्याही फाट्याशी, फुगे आले. माणसाला जिथे येतात तिथेच. रक्ताच्या माऱ्याचा आणि वाढलेल्या दाबाचा दोष किती, हे त्यानं समोर आलं.

हे द्रव्य कुठलं, तर बागेत वेलीवर फुलणाऱ्या स्वीट पीच्या बियांतलं. विदर्भातल्या वाचकांनी इथे थबकावं. आपली लाखोळी त्याच कुळातली. पण दोन्हींतली विषं वेगळी. लाखोळीतलं नसांवर जातं आणि रोज तीच पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात. स्वीट पीमधलं शरीरातल्या धाग्यांची वीणच सैल करतं. लाखोळीच्या डाळीनं मेंदूत फुगा येतो असं यातून कृपया काढू नका.

पुढे जपानमधल्याच तोकुशिमाच्या संशोधकांनी मादी उंदरांचे बीजकोश काढून पाहिले, तेव्हा फुगे वाढले. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा जास्त, तोही पाळी गेल्यावर, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्या उंदरांमुळे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या कमतरतेकडे बोट दाखवता आलं. २००९ नंतर लहान जातीच्या उंदरांच्या (माउस) मेंदूभोवतीच्या पाण्यात तेच इलास्टेज टोचून आणि रक्तदाब वाढवून फुगे फुटण्यापर्यंतचा प्रवासही पाहता आला. धमनीच्या भिंतीची सूज हा त्यातला मोठा धागा आहे आणि ती सूज कमी करणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. पण आईचा फुगा आवळेल अशी सिद्ध झालेली गोळी आज नाही. उंदरांत बरं वाटलं म्हणून कोणी ॲस्पिरिन सुरू करायला सांगितलं, तर आईच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नका.

प्रश्न : आता थ्रीडी प्रिंटिंग आहे, संगणकावर रक्ताचा प्रवाह काढता येतो. मग जनावरं कशाला?
— एक अभियंता, पुणे

उत्तर : जितकं तिकडे नेता येईल तितकं न्यावंच. रुग्णाच्या स्कॅनवरून सिलिकॉनची हुबेहूब धमनी करून तिच्यावर सराव होतो, प्रवाहाची गणितंही होतात. पण सिलिकॉनला व्रण येत नाही.

फ्लो डायव्हर्टर पाहा. फुग्यात काही भरायचं नाही, धमनीच्या आतून बारीक जाळीची नळी बसवायची, म्हणजे फुग्यात शिरणारा रक्ताचा लोंढा मंदावतो आणि फुगा हळूहळू बुजतो. यातली खरी भीती अशी की त्याच जाळीखाली मेंदूला रक्त देणाऱ्या बारीक शाखांची तोंडं येतात. त्याही बुजल्या तर? डेव्हिड कॅल्म्स आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये छापलेल्या प्रयोगात ही जाळी सशांच्या फुग्यांवर बसवली. तसलीच जाळी पोटातल्या महाधमनीत, कमरेकडे जाणाऱ्या शाखांच्या तोंडावरही बसवली. काही महिन्यांनी बहुतेक फुगे बुजले होते, शाखा मात्र वाहत होत्या. फुग्याला बाहेर वाट नाही, शाखेला आहे, आणि पुढून ओढ असेल तिथे रक्त जाळीतूनही वाट काढतं. हे कागदावर सुचू शकतं, पण कोणाच्या मेंदूत जाळी घालण्याआधी ते जिवंत धमनीत पाहिलेलं असावं, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत २०११मध्ये अशा पहिल्या जाळीला परवानगी मिळाली.

तुम्ही पुण्याचे, म्हणून सांगते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर नायटिनॉल या मिश्रधातूची देशी फ्लो डायव्हर्टर जाळी तयार केली आणि २०२०मध्ये तिचं तंत्रज्ञान पुण्याच्याच बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे दिलं. तेव्हाही पुढची पायरी म्हणून जनावरांवरच्या चाचण्या आणि नंतर माणसांवरच्या, असाच क्रम सांगितला होता.

प्रश्न : आम्ही जीवदया मानणारे लोक. तुम्ही सात वर्षं हे केलंत. रात्री झोप लागत होती का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एका रात्रीबद्दल सांगते.

आमच्याकडे रीत नवी होती. एका सशाची शस्त्रक्रिया नीट झाली, तो शुद्धीवर आला, थोडा लसूणघासही खाल्ला. सशानं शस्त्रक्रियेनंतर खाल्लं की आम्ही अर्धे निर्धास्त होत असू. त्याचं आतडं थांबलं की तो गेलाच. दुसऱ्या रात्री त्याचा श्वास घरघरू लागला. पहाटे तो गेला. उघडून पाहिलं तर श्वासनलिका आतून काळी-लाल पडलेली. काही सशांत उजव्या कॅरोटिडला श्वासनलिकेकडे जाणारी एक बारीक फांदी असते. आम्ही कोंडलेलं इलास्टेज त्या फांदीतून निसटलं होतं आणि तिथली भिंत त्यानं खाल्ली होती. परदेशातल्या प्रयोगशाळांनाही हा फटका बसला होता. विकर घालण्याआधी रंगद्रव्य सोडून एक चित्र घ्यायचं, फांदी दिसली तर पुढे जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही ते आधी वाचायला हवं होतं. मी वाचायला हवं होतं, भूल मी दिली होती, ससा माझ्या ताब्यात होता. त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढच्या बऱ्याच रात्रीही.

त्यानंतर आमच्याकडे त्या चित्राशिवाय विकराची कुपी फोडायची नाही हा नियम झाला. आपल्याकडे १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे जातो आणि तिच्यात सरकारनं नेमलेला बाहेरचा सदस्य असतो. किती ससे, कमीत का नाही, वेदनेवर काय देणार, हे लिहून द्यावं लागतं. मी समितीपुढे बसायचे तेव्हा तो कागद मला नुसती औपचारिकता कधी वाटला नाही. त्या सशाचा श्वास माझ्या कानात असायचा.

तुम्ही म्हणाल, तरीही चूक ते चूक. तसं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी एवढंच म्हणते की ज्या रुग्णाच्या डोक्यात पहिल्यांदा कोणी तरी तार घालणार होतं, त्याच्यासमोर उभं राहून 'हे कशातही पाहिलेलं नाही' असं सांगणं माझ्याच्यानं झालं नसतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्याकडे दोन ससे आहेत. प्रयोग झाल्यावर त्या सशांना कुठे सोडतात?
— एक वाचक, फलटण

उत्तर : बाळ, त्यांना सोडत नाहीत. तू विचारलंस म्हणून खरं सांगते. ठरलेला काळ झाला की, कधी तीन महिने, कधी सहा, त्याला भुलीचंच औषध जास्त देतात. तो झोपतो आणि झोपेतच जातो. मग तो फुगा काढून घट्ट राळेत बसवतात, कारण आत धातू असतो, साध्या पात्यानं कापला तर सगळं फाटेल. त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. फुग्याच्या तोंडावर पेशींचा एक पातळसा पडदा आला आहे का, ते पाहायचं असतं. तो पडदा आला असेल तरच फुगा खरा बंद झाला. तो बाहेरून, स्कॅनमध्ये दिसत नाही.

जिवंत असताना आम्ही त्यांना कानांना धरून कधी उचललं नाही. तूही उचलू नकोस. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरायचं. पाय लोंबते राहिले आणि त्यानं झटका दिला तर त्याचाच कणा मोडतो. तुझ्या दोघांना सुका चारा भरपूर दे, गाजर थोडंच. आणि एक दिवस जरी कोणी खाल्लं नाही तरी वाट पाहू नकोस, लगेच पशुवैद्याकडे ने.